पहिले दोन तास बँडला द्या

प्रति,
वसई तालुक्यातले जिमखाने, हॉलच्या समित्या आणि नाताळ-नववर्षाचे डान्स भरवणारी सर्व मंडळं

स.न.वि.वि.

पाऊस ओसरला की तुमच्या बैठका सुरू होतात. हॉल, जेवण, लाइट, तिकिटाचा दर ठरतो आणि मग विषय निघतो, म्युझिक कोणाचं? त्या विषयावर निर्णय व्हायच्या आत हे पत्र तुमच्या हातात पडावं म्हणून आजच लिहायला बसले आहे.

गेल्या २६ डिसेंबरच्या एका डान्सबद्दल आधी सांगते. हॉलचं आणि मंडळाचं नाव लिहीत नाही. कोणाला चारचौघांत कमीपणा आणायचा नाही, आणि जे तिथे झालं ते कमी-अधिक फरकाने सगळीकडेच होतं आहे. पोस्टरवर ‘लाइव्ह बँड आणि डीजे’ असं छापलं होतं. बँड म्हणजे आमच्या भागातले पाच जण. सगळ्यात लहान अठ्ठावन्न वर्षांचा, सगळ्यात मोठा चौऱ्याहत्तरचा. एकोणीसशे पन्नास-साठच्या दशकातला रॉक अँड रोल वाजवतात, मध्ये जोडीने नाचायचे दोन-चार संथ वॉल्ट्झ आणि शेवटी मसाला, म्हणजे एकाला एक जोडलेली नाचगाणी. त्यांना साडेसातची वेळ दिली होती. आपल्याकडे साडेसातला डान्सला कोण येतं? नाताळातली पाहुणेमंडळी घरी असतात, त्यांचं आवरून, मुलांना जेवू घालून, साड्या-सूट चढवून माणसं पोचतात तेव्हा साडेआठ वाजलेले असतात. पहिला तासभर हे पाच जण रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवत होते. पावणेनऊला फ्लोअर भरायला लागला. माझ्या बाजूला एक जोडपं नाचत होतं, दोघंही सत्तरीच्या पुढचे. त्यांनी सकाळपासून गुडघ्याला पट्टा बांधून ठेवला होता, तेवढ्या तीन-चार गाण्यांसाठी.

आणि तेवढ्यात मिक्सरवरून कोणीतरी हात वर करून ‘बस, शेवटचं’ अशी खूण केली. गाणारे काका दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर होते. खूण त्यांना दिसली नाही. मग माइक बंद झाला. पाठोपाठ गिटार गेली, बेस गेला. ड्रमला त्या दिवशी माइकच लावलेला नव्हता, त्यामुळे तो तेवढा चालू राहिला. ड्रमरने वर पाहिलं, काय झालंय ते त्यांच्या लक्षात आलं, पण पुढ्यात चाळीसएक माणसं पावलं टाकत होती, म्हणून त्यांनी हात थांबवला नाही. आठ-दहा सेकंद सगळा हॉल नुसत्या ड्रमवर नाचला. स्नेअरचा, म्हणजे पुढ्यातल्या छोट्या ड्रमचा, तो कोरडा आवाज आणि लादीवर घासणारे बूट, बाकी काही नाही. मग डीजेचा ट्रॅक धडकन आला आणि ड्रम त्यात बुडाला.

ते जोडपं हात धरून खुर्चीकडे गेलं. नंतर रात्रभर ते उठले नाहीत.

त्या आठ-दहा सेकंदांत मला जे कळलं तेच तुम्हाला सांगायचं आहे. बँड समोरच्या माणसांकडे बघून वाजवत असतो. तुम्ही बँड काढून ट्रॅक लावता तेव्हा तुम्हाला वाटतं, गाणं तर तेच आहे. गाणं तेच असतं, पण नाचणाऱ्याकडे बघणारं कोणी उरत नाही.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. हे संगीत कसं चालतं ते बघा. जुन्या रॉक अँड रोलची पुष्कळ गाणी बारा मात्रांच्या नव्हे, बारा ‘बार’च्या साच्यातली. प्रत्येक बारमध्ये चार ठोके. सगळ्या गाण्याला तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, पुरतात, ए पट्टीत ए, डी आणि ई. साचा संपला की पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला स्नेअरवर फटका पडतो आणि जाइव्ह, म्हणजे रॉक अँड रोलवरचा जोडीचा जलद नाच, करणाऱ्याचा पाय त्यावरच चालतो. साचा इतका सुटसुटीत का, तर तो हवा तितका लांबवता येतो म्हणून. फ्लोअरवर रंग चढला की गिटारवाला मागे वळून भुवई उंचावतो आणि आणखी बारा बार घेतो. माणसं दमलेली दिसली की ड्रमर शेवटाचा रोल देऊन गाणं मिटवतो आणि लगेच एक स्लो धरतो. एखाद्या आजी फ्लोअरवर आल्या की वेग थोडा उतरतो, आणि तो उतरला हे आजींना कळतसुद्धा नाही. सत्तरीच्या माणसाला जाइव्ह झेपतो तो एवढ्याचमुळे. ट्रॅकचा वेग ठरलेला असतो. त्याच्याबरोबर जायचं, नाहीतर खुर्ची गाठायची.

मी हे लहानपणापासून पाहत आले आहे. आमच्या गावात डान्स हॉलमध्ये व्हायच्या आधी अंगणात व्हायचे. लग्नाच्या मांडवाखाली शेणाने सारवलेली जमीन, तिच्यावर फळ्या टाकून फ्लोअर केलेला. संध्याकाळी पप्पा मेणबत्ती सुरीने किसायचे आणि तो कीस फळ्यांवर टाकून आम्हा मुलांना त्यावर गोणपाटावर बसवून ओढायचे. फळ्या गुळगुळीत व्हायच्या, बूट सहज सरकायचे. फ्लोअर तयार झाला की नाही ते पप्पा टाचेवर एक गिरकी घेऊन बघायचे. मी जाइव्ह शिकले ती त्यांच्या बुटांवर पाय ठेवून. मोजणी नाही, वर्ग नाही. ‘ड्रम ऐक, माझ्याकडे बघू नकोस,’ एवढंच ते म्हणायचे.

या पाच जणांपैकी गिटारवाल्या काकांचे वडील बोटीवर होते. तेव्हा वसईत आणि मुंबईत हे संगीत आलं ते मुख्यतः बोटीवाल्यांच्या पेट्यांतून आणि रेडिओ सिलोनवरून. बोट लागली की पेटीत साबण, सुटाचं कापड आणि तळाला कपड्यांत गुंडाळलेल्या छोट्या रेकॉर्ड, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या. काकांना चक बेरीच्या १९५८ सालच्या ‘जॉनी बी. गुड’ची सुरुवात वाजवायची होती. शिकवणारं कोणी नाही, नोटेशन नाही. मग ते प्लेअरचा स्पीड ४५ वरून ३३ वर आणायचे. गाणं संथ व्हायचं, एकेक सूर सुटा ऐकू यायचा, पण पट्टीही तेवढीच खाली उतरायची. म्हणजे खालच्या पट्टीत ऐकायचं, बोटांनी वरच्या पट्टीत शोधायचं. एक अख्खा पावसाळा त्यांनी त्या पहिल्या काही सेकंदांवर घालवला. रेकॉर्डच्या तेवढ्याच भागावर सुई फिरून फिरून तो भाग पांढरा पडला आहे. ती रेकॉर्ड मी हातात घेऊन पाहिली आहे. तेच गाणं १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीवर अवकाशात पाठवलं. हे काकांना मी सांगितलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, ‘तिथे पण सुरुवात नीट ऐकू येऊ दे.’

कोणाला वाटेल, हे परक्यांचं संगीत, त्याच्यासाठी एवढा आटापिटा कशाला. आपल्याच काही तरुणांनी मला हे ऐकवलं आहे, म्हणून उत्तर देते. बिल हेलीने ‘रॉक अराउंड द क्लॉक’ रेकॉर्ड केलं १९५४ साली. १९५७ साली ‘आशा’ सिनेमात ‘ईना मीना डीका’ आलं, आणि त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. ही लाट आपल्याकडे पोचायला तीनच वर्षं लागली आणि ती अंगावर घेणारा माणूस मराठी होता. त्याच्याही आधी, १९५१ च्या ‘अलबेला’त, ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतात. ते हळदोण्याचे, गोव्याचे. त्या काळातल्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात सॅक्सोफोन, ट्रम्पेट, व्हायोलिन, चेलो धरून बसलेले कितीतरी जण गोव्याच्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून मुंबईला आलेले, धोबी तलावच्या कुडींत, म्हणजे गोव्यातल्या गावांनी चालवलेल्या वसतिगृहांत, एका खोलीत दहा-दहा जणांनी राहून काम शोधलेले. १९६५ च्या ‘गुमनाम’मधलं ते मुखवट्यांचं नाचगाणं आठवा. त्यात गिटार घेऊन स्टेजवर उभा असलेला टेड लायन्स आणि त्याचा बँड हे मुंबईत खरोखर वाजवणारे लोक होते. आणि आमच्या बायकांची लाडकी गाणी गाणारा क्लिफ रिचर्ड तर लखनौत जन्मला. हे संगीत आपल्या मांडवात आपल्या माणसांनी साठ वर्षं वाजवलं आहे. आमच्या घरी ओव्या होत्या, चर्चची गायनं होती आणि हेही होतं. एकाने दुसऱ्याची जागा घेतली असं मला कधी वाटलं नाही.

या पाच जणांचा हा बँड सत्तरच्या दशकात सुरू झाला. एक बँकेत कारकून, एक छापखान्यात, एक शिक्षक, एक काही वर्षं आखातात जाऊन आलेला, आणि ड्रमर वाडीवाला. केळी, पानवेल, उन्हाळ्यात सुकेळी म्हणजे वाळवलेली केळी. मुंबईत लग्न असलं की दुपारच्या विरार लोकलच्या लगेज डब्यात ड्रमचे डबे चढायचे. मासळीच्या टोपल्या एका बाजूला, बेस ड्रम दुसऱ्या बाजूला, आणि वास लागू नये म्हणून त्याला ताडपत्री. रात्री शेवटची गाडी चुकली की वांद्र्याच्या किंवा दादरच्या फलाटावर पहाटेपर्यंत बसून राहायचं. सकाळी तो माणूस पुन्हा वाडीला पाणी द्यायला हजर. त्यांच्यापैकी कोणीही या कामावर घर बांधलेलं नाही.

मग नव्वदच्या दशकानंतर कीबोर्ड आले, रेडीमेड ऱ्हिदम आले आणि पाच माणसांच्या जागी ‘वन मॅन बँड’ आला. त्या गायकांना मी नावं ठेवणार नाही. एका माणसाला रोजीरोटी मिळाली आणि लग्नघराचा खर्च वाचला, त्यातले कित्येक जण गातातही छान. पण त्यानंतर ट्रॅक आला, मग डीजे, मग एलईडीची भिंत. पाचाचा एक झाला आणि एकाचं बटण झालं. तरुण मुलगा ड्रम शिकला तर तो वाजवणार कुठे, हा प्रश्न घरोघरी आईबाप विचारू लागले आणि कोपऱ्यातले ड्रम विकले गेले. आमच्या गावात एके काळी तीन बँड होते. आज तालुक्यातून पाच जण गोळा करताना अठ्ठावन्न वर्षांचा माणूस ‘नवीन पोरगा’ ठरतो.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. माझे दीर एका समितीवर होते, जेवणाच्या टेबलावर ही चर्चा मी वर्षानुवर्षं ऐकली आहे.

पहिली अडचण सांगितली जाते आवाजाची. ‘ड्रम आले की तक्रारी येतात, पोलीस येतात.’ गेल्या वर्षीच्या त्याच हॉलमध्ये बँड वाजत असताना मी बाहेर पार्किंगमध्ये जाऊन आले होते, बोलणं आरामात ऐकू येत होतं. डीजे सुरू झाल्यावर गाड्यांच्या काचा थरथरत होत्या. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र धरली जाते दहा ते सहा. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ही वेळ बारापर्यंत वाढवायची मुभा राज्य सरकारला आहे, आणि नाताळ नि ३१ डिसेंबर बहुधा त्या यादीत असतात. म्हणजे नियम बँड आणि डीजे असा भेद करत नाही, तो आवाज मोजतो. आमचे ड्रमर छोट्या हॉलमध्ये काठ्यांऐवजी ब्रशने वाजवतात आणि बेस ड्रमच्या आत जुनी गोधडी भरतात. हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही, पन्नास वर्षं अंगणात वाजवून आलेलं शहाणपण आहे. डीजेला ‘जरा कमी कर’ म्हटल्यावर काय उत्तर मिळतं ते तुम्हीच आठवा.

दुसरी अडचण पैशाची. याबद्दल जास्त लिहीत नाही. गेल्या वर्षी या पाच जणांना मिळून जे मानधन दिलं ते त्या रात्रीच्या लाइटच्या भाड्यापेक्षा कमी होतं, आणि तेही जानेवारी संपल्यावर मिळालं. त्यांनी तक्रार केलेली नाही. मी करते आहे, त्यांना न विचारता, आणि त्याबद्दल ते माझ्यावर रागावतील हेही मला माहीत आहे.

तिसरी अडचण तुम्हाला सगळ्यात खरी वाटते: ‘तरुण मुलं यावर नाचत नाहीत.’ त्यांना नाचायला कधी मिळालं? साडेसातच्या रिकाम्या हॉलमध्ये कुठला मुलगा येणार? माझी भाची एकोणीस वर्षांची आहे, नालासोपाऱ्याला कॉलेजात जाते, तिच्या फोनमध्ये सगळं कोरियन. गेल्या इस्टरला घरच्या जेवणानंतर गिटारवाले काका आमच्याकडे आले होते. त्यांनी बसल्या बसल्या तीन कॉर्ड धरल्या आणि मी तिला उठवलं. पहिल्या गिरकीला ती टेबलावर आदळली. पाचव्या गाण्याला तिने मला फिरवलं. मग विचारलं, ‘मावशी, हे आपल्या डान्सला का नसतं?’ मी काय उत्तर देणार होते? तो प्रश्न मी तुमच्याकडे पाठवते आहे.

तर माझं मागणं एवढंच आहे. डीजे बंद करा असं मी म्हणत नाही. त्याच्यावर नाचणारी मुलंही आपलीच आहेत. पण साडेआठ ते साडेदहा, हॉल भरलेला असतो, सगळ्या वयाची माणसं जागी आणि ताजी असतात, ते दोन तास बँडला द्या. डीजे त्याच्यानंतर. मध्येच माइक बंद करायचा नाही, शेवटचं गाणं कुठलं ते बँड ठरवेल. संध्याकाळी पाचला त्यांना हॉल मोकळा करून द्या, साउंडचेकसाठी. गेल्या वर्षी त्यांनी आवाज लावला तो माणसं जेवणाच्या रांगेत उभी असताना. त्यांना पाच फूट उंच स्टेजवर लाइटच्या मागे बसवू नका, फ्लोअरच्या पातळीवर, नाचणाऱ्यांच्या दोन हातांवर बसवा. तिथून त्यांना पावलं दिसतात. बेसवाल्या काकांना पाठ टेकायला एक उंच स्टूल लागतो, तो त्यांनी मागून आणावा लागू नये. आणि मानधन त्याच रात्री, पाकिटात, हातात.

आणखी एक, हे मागणं नाही, सुचवणं आहे. नोव्हेंबरात चार रविवार तुमचा हॉल दुपारी रिकामाच असतो. मुलामुलींना बोलवा. आम्ही पाच-सहा बायका आणि तीन पुरुष जाइव्ह आणि वॉल्ट्झ शिकवायला तयार आहोत, पैसे नकोत, पंखा तेवढा चालू ठेवा. ड्रमर म्हणाले आहेत की कोणा मुलाला काठ्या धरायच्या असतील तर ते त्याला शेजारी बसवतील. दोन जणांनी नावंही दिली आहेत, त्यातली एक मुलगी आहे, बारा वर्षांची.

मला घाई का आहे तेही सांगते. हा बँड पूर्वी सहा जणांचा होता. सॅक्सोफोनवाले गेल्या वर्षीच्या लेंटमध्ये, म्हणजे इस्टरआधीच्या उपवासकाळात, गेले. त्यांच्या मातीला बाकीच्या पाच जणांनी त्यांचं आवडतं स्लो वाजवलं आणि जिथे सॅक्सोफोनचा तुकडा येतो तिथे आठ बार कोणीच काही वाजवलं नाही, फक्त ड्रमर ब्रशने ताल धरून होते. कबरस्तानात उभ्या असलेल्या प्रत्येकाने ते आठ बार मनात ऐकले, कारण प्रत्येकजण कधी ना कधी त्यावर नाचलेला होता. गाणारे काका आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. वरचा सूर त्यांना अजून लागतो.

त्यांचा सराव दर बुधवारी संध्याकाळी सात वाजता ड्रमरच्या वाडीतल्या पंपाच्या खोलीत असतो. तुमच्यातले बरेच जण ती जागा ओळखतात. पंप बंद करतात, दार उघडं असतं, बाहेर दोन बाकं टाकलेली असतात. बैठकीत म्युझिकचा विषय निघायच्या आधी तुमच्यातल्या दोघा-तिघांनी एखाद्या बुधवारी यावं. मी तिथे असेन. लवकर आलात तर मेणबत्ती किसायला मदत लागते, कारण पंपाच्या खोलीचा कोबा अजून खरखरीत आहे.

आपली,
गिरीजजवळच्या गावातली एक रहिवासी